परक्याच्या सातबाऱ्याची कुळकथा

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिणेला अर्जुनी मोरगाव तालुका आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने बांधलेला नवेगावबांधचा तलाव याच तालुक्यातला. प्रतापगड-गोठणगावच्या बाजूला, १९७२ साली वसलेली नोर्गेलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहतही इथलीच. पर्यटक दोन्ही ठिकाणी एकाच दिवशी जाऊन येतात. सकाळी तलावावरचे पक्षी बघायचे, दुपारी वसाहतीतला गोम्पा, आणि जमलंच तर वाटेत इटियाडोह धरण. मला मात्र या दोन जागांमध्ये नातं दिसतं ते महसुलाचं. दोन्हीकडे बाहेरून आलेल्या माणसाला राज्यकर्त्याने जमीन कसायला दिली आणि दोन्हीकडे देताना अट घातली. परक्याने जमीन धरायची तर सरकारची परवानगी हवी, या नियमाची वंशावळ मांडणारे बहुतेक जण ती लंडन, कोलकाता किंवा मुंबईच्या मिंट रोडवरच्या रिझर्व्ह बँकेपासून सुरू करतात. निदान आमच्या झाडीपट्टीपुरती ती तलावाच्या पाळीवरून सुरू करायला हवी, असा माझा दावा आहे.

आधी आजचा नियम पाहू. परकी चलन व्यवस्थापन कायदा, म्हणजे फेमा, १९९९चा आणि १ जून २००० पासून लागू. त्यानुसार भारताबाहेर राहणाऱ्या परदेशी माणसाला इथे घर-जमीन घेता येत नाही. पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा तेवढा मोकळा आहे. पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, अफगाणिस्तान, चीन, इराण, नेपाळ, भूतान अशा यादीतल्या देशांचे नागरिक भारतात राहत असले, तरी त्यांना आधी रिझर्व्ह बँकेकडे जावं लागतं. २०१८ साली या यादीत मकाव, हाँगकाँग आणि उत्तर कोरियाची भर पडली. परदेशस्थ भारतीयांना घर घेता येतं, शेतजमीन, मळा आणि फार्महाऊस मात्र नाही. त्यामुळे आमगावच्या कास्तकाराचा अमेरिकन पासपोर्टवाला मुलगा बापाची बांधी वारसाने घेऊ शकतो, पण तिच्या धुऱ्याला लागून असलेली शेजाऱ्याची बांधी विकत घेऊ शकत नाही.

हा काही आपल्याकडचाच हट्ट नाही. स्वित्झर्लंडने १९६१ पासून परदेशी खरेदीदारांना परवाना सक्तीचा केला आहे. कॅनडाने १ जानेवारी २०२३ पासून परदेशी लोकांच्या घरखरेदीवर बंदी घातली आणि पुढे ती वाढवली. ऑस्ट्रेलियात तर आधीपासूनच सरकारी मंजुरी लागते. टोरांटो-मेलबर्नमधल्या मराठी कुटुंबांना हे कागद तोंडपाठ आहेत.

आता कुळाचा प्रश्न. सर्वांत मान्य उत्तर चलनाचं आहे. दुसरं महायुद्ध सुरू होताच, सप्टेंबर १९३९ मध्ये, भारत संरक्षण नियमांखाली परकी चलनावर नियंत्रण आलं. १९४७ साली त्याचा कायदा झाला आणि १९७३ साली कडक फेरा. ज्या फेरामुळे कोका-कोला आणि आयबीएम देश सोडून गेले, तोच हा. त्याच्या ३१व्या कलमात पहिल्यांदा स्वच्छ लिहिलं गेलं की भारताचा नागरिक नसलेल्या कोणालाही रिझर्व्ह बँकेच्या परवानगीशिवाय इथे स्थावर घेता, धरता किंवा विकता येणार नाही. पाच वर्षांच्या भाडेपट्ट्याची सूटही याच कलमातली. जमिनीची परवानगी महसूल खात्याने नव्हे तर बँकेने द्यायची ही विचित्र रीत इथूनच आली, हे मला मान्य आहे. पण चलनवाद्यांना एक प्रश्न विचारावासा वाटतो. सगळी चिंता डॉलर-पौंडांचीच असती, तर परदेशातून पैसे आणून इथे शेत घेणाऱ्याला मनाई कशाला? तो तर चलन घेऊन येतो आहे! शेतजमिनीवरची बंदी, यादीतले देश आणि पाच वर्षांची मर्यादा यांपैकी एकही गोष्ट चलनाच्या हिशेबातून निघत नाही. मिंट रोडवर अर्ज जातो हे खरं, म्हणून मिंट रोडला जन्मस्थान म्हणता येणार नाही.

दुसरं उत्तर कंपनी सरकारचं, आणि ते ऐकून लोक हमखास चकित होतात. हिंदुस्थानात जमीन घ्यायला ज्यांना परवानगी लागत असे, ते गोरे होते! ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मक्तेदारीत दुसरे इंग्रज नको असत. परवान्याविना आलेल्या गोऱ्याला पकडून जहाजावर बसवून परत पाठवत. १८१३च्या सनदी कायद्याने परवाने थोडे सैल केले. १८२९ मध्ये बंगालमध्ये निळीच्या मळ्यांसाठी युरोपीय लोकांना लांब मुदतीच्या पट्ट्याने जमिनी धरू द्याव्यात असं ठरलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात कोलकात्याच्या टाउन हॉलमधल्या सभेत राममोहन रॉय आणि द्वारकानाथ टागोर यांनी गोऱ्यांच्या वसाहतीच्या बाजूने भाषणं केली. १८३३च्या सनदी कायद्याने दार उघडलं आणि १८३७च्या चौथ्या कायद्याने राजाच्या कोणत्याही प्रजाजनाला कंपनीच्या मुलखात कायमची जमीन धरण्याचा हक्क दिला. इंग्लंडात मात्र परदेशी माणसाला स्वतःच्या नावे जमीन धरायला १८७० साल उजाडावं लागलं. त्याआधी त्याने घेतलेली जमीन राजा केव्हाही जप्त करू शकत असे.

गोष्ट रंगतदार आहे, पण आमच्या कामाची नाही. १८३७ साली वैनगंगेचा हा मुलूख कंपनीचा नव्हता, नागपूरकर भोसल्यांचा होता. तो खालसा झाला १८५४ साली, म्हणजे कंपनीचे परवाने संपल्यानंतर. जो कायदा झाला तेव्हा इथे चालतच नव्हता, तो इथल्या रिवाजाचा बाप कसा ठरेल?

तिसरा दावेदार मराठी आहे आणि त्याच्यावर माझा जीव आहे. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र, १७१५च्या सुमाराचं. राज्यनीतीवरच्या या ग्रंथात साहुकारांचं प्रकरण आहे आणि त्यात टोपीकरांवर, म्हणजे फिरंगी, इंग्रज, वलंदेज आणि फरासीस यांच्यावर, स्वतंत्र मजकूर आहे. अमात्यांचं म्हणणं असं की हे लोक व्यापारी दिसतात, पण त्यांच्या पाठीशी राजे आहेत आणि त्यांना भूमीचा लोभ आहे. यांना येऊ-जाऊ द्यावं, पण जागा देताना हात आखडावा. वखारीला जागा द्यायचीच झाली तर समुद्रकाठी किंवा खाडीच्या तोंडाशी देऊ नये, आत, एखाद्या मोठ्या शहराच्या आसपास, सखल ठिकाणी द्यावी. पक्की इमारत बांधू देऊ नये. या अटींवर राहतील तर राहोत, नाहीतर त्यांच्यावाचून अडलेलं नाही.

परदेशी माणसाच्या स्थावराबद्दल मराठीत याहून जुनं आणि याहून नेमकं धोरण माझ्या वाचनात नाही. आता फेराचं ३१वं कलम शेजारी ठेवून पाहा. पाच वर्षं भाड्याने राहायला ना नाही, पाय रोवायला मनाई. अमात्यांनी वर्षं मोजली नाहीत, भिंत मोजली, एवढाच फरक. यादीतल्या शेजारी देशांचीही तीच तऱ्हा. ज्याच्या पाठीशी राज्य उभं आहे आणि ज्या राज्याची सीमा आपल्याला लागून आहे, त्याच्या साध्या घरखरेदीकडेही संशयाने बघायचं.

पण साम्य म्हणजे वंश नव्हे. १९७३ साली दिल्लीत मसुदा लिहिणाऱ्याच्या टेबलावर आज्ञापत्र होतं असं कोणी म्हणणार नाही, मीही नाही. शिवाय आज्ञापत्रातला परका किनाऱ्यावरचा आहे. तो जहाजातून उतरतो, माल विकतो, तोफा आणतो. आमच्या भागातला परका तसा नाही. तो बैल, नांगर नाहीतर नुसती कुदळ घेऊन येतो आणि राजाला त्याची गरज असते. म्हणून चौथ्या दावेदाराकडे जायला हवं.

चांद्याचे, म्हणजे आजच्या चंद्रपूरचे, जमाबंदी अधिकारी लूसी स्मिथ यांच्या १८६९च्या अहवालात गोंड राजांच्या परंपरा नोंदल्या आहेत. त्यांत हीरशहा नावाच्या राजाची कथा येते. जो जंगल तोडून शेत करील त्याला त्या जमिनीची सनद, आणि जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन सवलतीने. ही घोषणा कोणत्या साली झाली यात मी पडत नाही, कारण परंपरेतले राजे सालं पाळत नाहीत. महत्त्वाचं आहे ते अटीचं रूप. ही जमीन पैसे मोजून मिळणारी नाही, तशी ती दानही नाही. आधी पाणी अडवायचं, मग जमीन.

कोहळी लोक वैनगंगेच्या खोऱ्यातले तलाव बांधणारे. त्यांची एक परंपरा सांगते की चांद्याचा गोंड राजा काशीला गेला होता, तेव्हा त्याने यांच्या पूर्वजांना सोबत आणलं. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६च्या आपल्या ग्रंथात ती नोंदवली आहे. यावर आक्षेप घेणारे म्हणतात की काशीहून आलो हे प्रत्येक जातीला सांगायचं असतं. कोहळ्यांची बोली मराठी, देव इथले, रीतिरिवाज शेजारच्या कुणब्यांसारखे, मग हे मूळचे इथलेच. आक्षेपात दम आहे, तरी माझं मत उलट आहे. काशी खोटी असू शकेल, ‘आणलं’ हे क्रियापद खरं असावं. जो समाज शेकडो तलावांची पाळ घालू शकतो, पाण्याची उतार-चढण ओळखतो आणि ज्याला त्याबद्दल राजा गावं देतो, त्या समाजाने आपली थोरवी सांगताना पराक्रमाची कथा सांगायला हवी होती. हे सांगतात ती आमंत्रणाची. राजाने बोलावलं म्हणून आलो, म्हणून ही जमीन आमची. ही कथा वंशाभिमानापेक्षा मालकीच्या पुराव्यासाठी रचलेली वाटते. सनद हरवली तर सांगायची गोष्ट.

शिवाय कोहळी एकटे नाहीत. देवगडच्या बख्त बुलंदाने, नागपूर शहर वसवणाऱ्या त्याच राजाने, सतराव्या शतकाच्या अखेरीला चारी दिशांनी कसबी लोक बोलावून वसवले. गोंदियाच्या उत्तर भागात आज शेतीवर ज्यांचा पगडा आहे ते पोवार आपलं मूळ माळव्यात, धारेला सांगतात. आधी नगरधन, मग चिमणाजी भोसल्यांच्या कटकच्या मोहिमेत चाकरी, त्याबद्दल वैनगंगेकाठची पडीक जमीन, आणि तिथून बालाघाटकडे सरकत जाणं, अशी त्यांची परंपरा. पुन्हा तेच. बाहेरून आलेला माणूस, राज्याकडची पडीक, आणि धानाची बांधी तयार करण्याची बोली.

कोलू पाटलाचं नवेगाव याच रांगेतलं. सात बहिणी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकड्यांच्या कुशीत त्याने पाणी अडवलं आणि लोकांनी पुढे त्याला कोलासुर म्हणून देव केलं. परक्याचं इतकं पक्कं स्थानिकीकरण कोणत्याही नागरिकत्व कायद्याला जमलेलं नाही. हीरशहाची परंपरा आणि कोलू पाटील यांच्यामध्ये फार मोठा काळ जातो. तो आणि त्यापुढचा भोसलेकाळ भरून काढायला माझ्याकडे तर्क आहे. राजे बदलले, भोसले आले, तरी तलाव बांधणाऱ्याला पाण्याखालची जमीन हा व्यवहार चालू राहिला असणार, कारण तसा तो चालू राहिला नसता, तर भंडारा-गोंदियात इतके तलाव झालेच नसते. सरकारी खर्चाने बांधलेले तलाव हिशेबाच्या वह्यांत सापडतात. हे गावोगावच्या पाटलांच्या नावांत सापडतात.

पुढचे टप्पे सर्वांना ठाऊक आहेत. १८६०च्या दशकात इंग्रजांनी मालगुजारी बसवली आणि पाटलाचा मालगुजार झाला. मध्य प्रांतातला मालकी हक्क संपुष्टात आणणारा कायदा १९५०चा. ३१ मार्च १९५१ला मालगुजारांचे तलाव, पडीक आणि जंगल सरकारजमा झालं. तेव्हापासून ते तलाव माजी मालगुजारी, म्हणजे आपले मामा तलाव. या एका तारखेला कुळकथेत मोठं मोल आहे. विदर्भाच्या पूर्व टोकाला सरकारच्या हाती, राखीव जंगलाखेरीज, वाटायला एवढी जमीन आली ती त्या दिवशी. गोंड राजा जे करत होता ते करण्याची ऐपत सरकारला पुन्हा मिळाली.

आणि सरकारने ते केलंही. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना याच तालुक्यात अरुणनगर, गौरनगर अशा वसाहतींमध्ये जमिनी दिल्या. त्यांच्या गावांची नावं नवी, तळ्यातल्या मासळीचा व्यवहार त्यांच्या अंगवळणी पडलेला, धान मात्र त्यांचंही आणि इथल्यांचंही. त्यांच्यापाठोपाठ तिबेटी आले.

दलाई लामा ३१ मार्च १९५९ रोजी भारतात पोचले. त्यांच्यामागून आलेले हजारो लोक आधी हिमालयात रस्त्यांच्या कामावर खडी फोडत होते. १९६० साली म्हैसूर राज्याने बायलाकुप्पे इथे पहिली शेती-वसाहत दिली. मग मैनपाट, चंद्रगिरी, मुंडगोड असे टप्पे झाले. महाराष्ट्राने १९७२ साली नोर्गेलिंग दिलं, वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, राज्यात भीषण दुष्काळ पडलेला असताना. तिबेटी प्रशासनाच्या कागदांत या वसाहतीला कित्येकदा अजूनही ‘भंडारा’ म्हणतात, कारण गोंदिया जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. थंड पठारावर सातू पिकवणारी माणसं चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात धानाची रोवणी शिकली. हिवाळ्यात शहरोशहरी स्वेटर विकून त्यांनी शेतीची तूट भरून काढली.

गंमत त्यांच्या कागदात आहे. तिबेटी माणूस कायद्याने परदेशी. त्याच्याकडे नोंदणी प्रमाणपत्र असतं, ते मुदतीने नवं करून घ्यावं लागतं. फेराच्या भाषेत तो नागरिक नसलेला, म्हणजे १९७३ नंतर त्याला एक खोलीसुद्धा परवानगीशिवाय घेता येऊ नये. फेमाने कसोटी बदलली. नागरिक कोण याऐवजी राहतो कुठे हे विचारलं. त्या हिशेबाने प्रतापगडला जन्मलेला तिबेटी भारताचा रहिवासी ठरतो. पण शेतजमिनीची वाट महाराष्ट्राच्या कूळकायद्यातून जाते आणि तिथे विचारतात, तू शेतकरी आहेस का? पन्नास वर्षं धान लावूनही सातबाऱ्यावर भोगवटादार म्हणून नाव नसलेला माणूस याचं उत्तर काय देणार?

यावर काढलेली तोड जुन्या गोंड सनदेची आठवण करून देते. जमीन सरकारची, आणि २०१४च्या तिबेटी पुनर्वसन धोरणाप्रमाणे राज्य सरकारने तिचा भाडेपट्टा केंद्रीय तिबेटी मदत समितीशी करायचा, वीस वर्षांसाठी किंवा रद्द होईपर्यंत. माणसाला थेट काहीच मिळत नाही. त्याला वसाहतीतून वाटा मिळतो, तो कसायचा, मुलाला कसायला द्यायचा, विकायचा मात्र नाही. हीरशहाच्या सनदेत राजाने बोलावलेला परका हळूहळू पाटील होत असे. या भाडेपट्ट्यात ती शिडी काढून घेतली आहे, बाकी सांगाडा तोच. मोकळी जमीन राज्याची, राबणारा बाहेरचा, हक्क राबण्याला बांधलेला. अमात्यांचीही एक अट कळत-नकळत शिरली आहे. जागा किनाऱ्यापासून आणि सीमेपासून दूर, देशाच्या अगदी आतल्या कोपऱ्यात. संशयाची परवानगी आणि गरजेची परवानगी, या दोन वेगळ्या घराण्यांची सोयरीक प्रतापगडच्या माळावर झाली, असं मी म्हणतो ते यासाठी.

संशयाच्या घराण्याचं पारडं जड आहे हे नागरिकत्वाच्या निकालांनंतर दिसलं. २०१०च्या डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं की २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेला तिबेटी जन्मानेच भारतीय आहे. २०१६ साली ते पुन्हा ठासून सांगितलं. नोर्गेलिंगमध्ये जन्मलेली पहिली पिढी यात बसते. त्यानंतर २०१७ साली सरकारने भारतीय पासपोर्ट मागणाऱ्या तिबेटी लोकांपुढे अटी ठेवल्या. नोंदणी प्रमाणपत्र परत करा, निर्वासित म्हणून मिळणारे लाभ सोडा, आणि वसाहतीत राहू नका. म्हणजे जमीन विकत घेण्याचा हक्क ज्या दिवशी मिळतो, त्याच दिवशी कसत असलेली जमीन सुटते. शेजारच्या अरुणनगरच्या बंगाली कुटुंबाला नागरिकत्व आणि जमीन यांत निवड करावी लागली नव्हती. कोलू पाटलाला तर प्रश्नच पडला नसेल.

हा फरक चलनाने, कंपनीच्या परवान्याने किंवा आज्ञापत्राने उलगडत नाही. तिबेटी माणसाच्या मागे कोणतं राज्य उभं आहे, तर कुठलंच नाही, आणि तरीही त्याच्याकडे टोपीकराच्या नजरेने पाहिलं जातं. माझ्या मते ही चूक आहे. या मुलखात परक्याला जमीन देण्याची जी रीत होती तिच्यात शेवटची पायरी मालकीची असे, आणि तीच इथल्या शेतीला मानवली आहे.

माझ्या मांडणीतला कच्चा दुवा भोसलेकाळातला आहे आणि तो जोडण्याजोगे कागद घराघरांत असतील. साकोली, लाखांदूर, अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनी या भागांतल्या जुन्या कोहळी आणि पोवार मालगुजार घराण्यांत तलावाबद्दल मिळालेली सनद, पट्टा किंवा मोडीतली एखादी चिठ्ठी पेटीत पडून असेल, तर ती वाळवीच्या हाती देऊ नका. मोडी वाचणाऱ्याला दाखवा, फोटो काढून ठेवा आणि तलावाचं नाव, गावाचं नाव व साल त्यावर लिहून ठेवा.